बारकीची टाळी

बारके,

तू म्हणालीस, "लिहा वहिनी, पण माझं नाव घालू नका." बरं, नाही घालत. तसंही तुझं खरं नाव घरात कोणी वापरलंय कधी? शाळेच्या दाखल्यावर असेल तेवढंच. तू जन्मलीस ती बारकी, साठी उलटली तरी बारकीच, आणि अंगाने आता कशी आहेस ते मी लिहीत नाही, कारण तू वाचणार आहेस. दुसरं म्हणालीस, "माझी बाजू घेऊ नका." तेही कबूल. बाजू घेण्याचा माझा स्वभाव नाही, हे इतक्या वर्षांत तुला कळलं असेलच.

पत्रच लिहायला बसले होते. पण पत्रात "तू असं केलंस, मग तू तसं केलंस" असं लिहीत गेलं की ती फिर्याद वाटायला लागते. लिहिलेलं फाडलं. म्हणून इथून पुढे "तू" बंद, "ती" म्हणते. या गोष्टीत एक वहिनी येते ती मीच, पण तिलाही मी वहिनीच म्हणणार. तिचे वेगळे लाड नकोत. तू मला जसं सांगितलंस तसं मांडते. चुकलं तर सांग.

तर, बारकी बटणांच्या दुकानात कामाला होती. बटणं, अस्तर, हुक, चेन, दोऱ्याची रिळं. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा पुढे केला की ती मान तिरकी करून एकदाच बघायची आणि वरच्या फळीवरचा नेमका डबा काढायची. नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगी. सासरच्यांनी हात झटकले, तेव्हा दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, दोन खोल्यांची जागा बघून दिली आणि दुकानाच्या मालकाशी बोलून कामही लावून दिलं. वर्षातून एकदा मिळणारं दुसरं कामही दादानेच मिळवून दिलं. तेच हे टाळीचं.

दादा सिनेमात होता असं म्हटलं की लोकांच्या भुवया वर जायच्या, आणि तो काय करतो हे सांगितलं की पुन्हा खाली यायच्या. तो निगेटिव्ह कापायचा. सिनेमा फिल्मवर निघायचा त्या काळात संपादक आधी नकलेवर कापाकापी करून बघत असे. ती सगळ्यांना पसंत पडली की तिच्याबरहुकूम मूळ निगेटिव्ह कापून जोडायचं. तेच दादाचं काम. थंडगार, बिनखिडकीची खोली, हातात पांढरे सुती मोजे, आणि एक काप चुकला तर ते दृश्य जगातून गेलं. कित्येक हिंदी सिनेमे त्याच्या हातांखालून गेले. त्याचं नाव पडद्यावर यायचं तेव्हा प्रेक्षक चपला शोधत असायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते वहिनीला. "तुम्ही एवढे जोडता, तुम्हाला कधी कोणी बाहुली दिली का?" असं ती विचारायची, आणि तो म्हणायचा, "जोड दिसला नाही म्हणजेच तो चांगला. न दिसणाऱ्या गोष्टीला बाहुली कशी देणार?"

ती बाहुली म्हणजे हिंदी सिनेमाच्या वार्षिक बक्षिसांची सोनेरी मूर्ती. शहरातल्या मोठ्या सभागृहात हा सोहळा होई, त्याचं चित्रण होई, आणि काही दिवसांनी तो टीव्हीवर दाखवत. त्यात एक गोष्ट बाहेरच्याला कळत नाही. खुर्ची रिकामी दिसली की सोहळा पडला. नटमंडळी नाचायला उठतात, कपडे बदलायला जातात, कोणी येतच नाही. मग त्या खुर्च्यांत बसायला, उठायला आणि टाळ्या वाजवायला माणसं आणावी लागतात. ही माणसं पुरवणाऱ्याला सगळे मुकादम म्हणत. दादाची आणि त्याची जुनी ओळख होती.

"टाळ्या वाजवायला भाड्याची माणसं?" वहिनी म्हणाली होती. "शोभतं का हे?"

"अगं, हजार माणसं बसलेली असतात," दादा म्हणाला. "प्रत्येकाला वाटतं, आधी दुसऱ्याने वाजवावी. आपल्याकडे पाहुणे जेवायला बसले की पहिला घास कोण घेतं? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तसंच. पहिली टाळी वाजवायला निर्लज्ज माणूस लागतो."

"म्हणून मला पाठवतोस होय," बारकी म्हणाली.

पण ती त्या कामात मुरली. तळहात सपाट आपटले तर नुसता चटचट आवाज येतो, जरा पोकळ ठेवले तर टाळी घुमते आणि लांब जाते, हे तिचं तिलाच सापडलं. मुकादम तिला मधल्या रांगेत वाटेलगतची खुर्ची देऊ लागला. समोर भिंतीशी कानाला यंत्र लावलेला एक माणूस उभा असायचा, हातात छोटा टॉर्च. हिरवा लागला की टाळी, गोल फिरवला की उभं राहायचं, विझला की थांबायचं. बारकीने मंचाकडे कधी बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल. लोक विचारायचे, "अमका नट जवळून कसा दिसतो गं?" ती म्हणायची, "मला काय ठाऊक? मी टॉर्च बघते."

आणखी एक प्रकार होता. पाहुणे यायच्या आधी, भर दुपारी, या बायकापुरुषांना रांगेत बसवून त्यांचे चेहरे टिपून ठेवत. आता हसा. आता चकित व्हा. आता डोळे पुसा. पुढे सोहळा जोडताना कुठे ठिगळ लागलं तर हे चेहरे कामाला यायचे. डोळे पुसायची पाळी आली की रांगेत खसखस पिकायची.

"सासू गेली ते आठव," एक म्हणायची.

"ती गेली तेव्हाही नव्हतं आलं पाणी, आता कुठून येणार?" दुसरी म्हणायची.

बारकीला मात्र यायचं. तिने युक्ती काढली होती: दिव्याकडे पापणी न हलवता बघत राहायचं. डोळे आपोआप भरतात. त्यात ना दुःख ना काही. कांदा चिरण्याइतकाच संबंध.

सोहळा टीव्हीवर लागला की दादा खुर्ची पुढे ओढून बसायचा. बक्षीस कोणाला मिळालं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मध्येच बोट वर करायचा. "ऐकलीस? ही बारकीची."

"हजार माणसांत तिची टाळी बरी ऐकू येते तुम्हाला," वहिनी म्हणायची. "मी स्वयंपाकघरातून हाक मारते ती येत नाही."

पुढे फिल्म गेली, सगळं संगणकावर आलं, ती थंड खोली बंद झाली आणि दादा घरी बसला. काही वर्षं वर्तमानपत्रातली कोडी सोडवली, आणि एका सकाळी चहा पिता पिता मान टाकली. अर्धा कप तसाच राहिला. याहून जास्त त्याबद्दल इथे लिहायची गरज नाही.

त्या वर्षी सोहळ्याच्या आधी कामगार संघटनेच्या चिटणिसाचा वहिनीला फोन आला. वर्षभरात गेलेल्या सिनेमावाल्यांची एक चित्रफीत सोहळ्यात दाखवतात, त्यात दादाचा फोटो घालायचा आहे, पाठवता का? वहिनीने घर पालथं घातलं. दुसऱ्यांचे चेहरे आयुष्यभर जोडणाऱ्या या माणसाचा एकट्याचा धड एक फोटो घरात निघू नये? शेवटी कुठल्याशा लग्नातल्या गर्दीतून कापून काढला. त्यात त्याच्या खांद्याला कुणा पोरीचं कोपर चिकटून आलं होतं, ते काही निघेना.

बारकी फोटो बघायला आली तेव्हा वहिनीने तिला बसवलं आणि सरळ मुद्द्यावर आली.

"हे बघ. मला ठाऊक आहे तिथे काय होतं. मोठा नट आला की कडकडाट, आणि नुसत्या कामगाराचा फोटो आला की सगळे गप्प. दरवर्षी बघते मी. यांचा फोटो आला की तू टाळी सुरू कर. तू केलीस की तुझी रांग करेल, रांगेने केली की हॉल करेल. आयुष्यात एकदा त्यांच्यासाठी वाजली पाहिजे."

"त्यात काय, वहिनी," बारकी म्हणाली. "माझं कामच आहे ते."

"विसरशील."

"अहो, दादाला विसरेन?"

वहिनीने कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. माहेरी नाही, सासरी नाही, पोटच्या मुलाकडेही नाही. बारकीला त्याची जाणीव होती, म्हणून घरी जाताना तिला आपण जरा मोठ्या झाल्यासारखं वाटलं. आजवर दादाने दिलं, तिने घेतलं. आता परतफेडीची वेळ आली होती, आणि तीही अशा नाण्यात जे फक्त तिच्याकडेच होतं.

सोहळ्याच्या दिवशी दुपारी नेहमीप्रमाणे चेहरे टिपले. हसून झालं, चकित होऊन झालं. डोळे पुसायची वेळ आली तेव्हा बारकीने दिव्याकडे बघितलं, डोळे भरले, तिने रुमालाने हळूच टिपले. कॅमेरावाला म्हणाला, "वा मावशी, एकदम पक्कं." मनात काय होतं म्हणाल, तर नव्या चपलेचा अंगठा चावत होता, आणि मध्यंतरात खोक्यात काय खायला देतील याचा विचार होता.

संध्याकाळी पाहुणे येण्याआधी मुकादमाने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "गेलेल्यांची फीत लागेल तेव्हा आपले हात मांडीवर. तिथे टाळी पाहुण्यांची, आपली नाही. टॉर्च लागणार नाही."

बारकीने ऐकलं आणि मनात म्हटलं, ऐकून घेतलं, पण मी वाजवणार. मुकादम काय करेल? फार तर पुढच्या वर्षी बोलावणार नाही. नको बोलावू दे. ती घाबरली नव्हती, हे तिने मला पुन्हा पुन्हा सांगितलं. भीती असती तर तिला बरं वाटलं असतं. भीतीचं कारण तरी देता आलं असतं.

दिवे मंद झाले. वाद्यांचा सूर लागला. पहिला फोटो जुन्या नटाचा, हॉल कडाडला. मग एक संगीतकार, पुन्हा टाळ्या. मग कोणी रंगभूषाकार, शांतता. मग एक बाई, शांतता. बारकीने हात मांडीवरून उचलून तयार ठेवले, तळवे पोकळ धरले. आणि मग दादा आला. ते कोपर आलं आधी, मग तो, तोंड भरून हसणारा.

त्या क्षणी बारकीची नजर पडद्यावरून सुटून भिंतीकडे गेली. टॉर्चकडे. इतक्या वर्षांची सवय. वाजवायच्या आधी तिकडे बघायचं. टॉर्च विझलेला होता. हात होते तिथेच राहिले. तिने पुन्हा पडद्याकडे बघितलं, दादा अजून हसत होता, हॉलमध्ये मागे कोणीतरी खोकलं, आणि फोटो बदलला.

पुढचा फोटो एका विनोदी नटाचा होता. सगळ्या हॉलने जीव तोडून टाळ्या वाजवल्या, काही जण उभे राहिले. आणि त्या आवाजात बारकीचे हात आपोआप चालू झाले. चांगले पोकळ, घुमणारे. ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. टाळ्या थांबल्या तेव्हाच तेही थांबले.

बाहेर पडली तोच फोन वाजला. वहिनी.

"आला का फोटो?"

"आला."

"नीट दिसला?"

"छान दिसला."

"आणि टाळी?"

"वहिनी, बस आली, ठेवते हं," बारकी म्हणाली. बसचा पत्ता नव्हता. तिचा चुलता सांगायचा, खोटं एक असलं तरी त्याला नांदायला घर लागतं. ते घर त्या बसथांब्यावर बांधलं गेलं.

तरीही तोवर काही बिघडलेलं नव्हतं. कार्यक्रम टीव्हीवर लागेल, हॉल गप्प असल्याचं वहिनी बघेल, चार शब्द सुनावेल, आणि बारकी ते खाली मान घालून ऐकेल, असं तिने ठरवलं होतं. सुनावणीची ती जवळजवळ वाटच बघत होती. रविवारी संध्याकाळी ती वहिनीकडे गेली तेव्हा वहिनीचा मुलगा, सून, समोरच्या दारातली शेजारीण, सगळी मंडळी टीव्हीसमोर जमली होती. बारकी दाराजवळच्या स्टुलावर बसली. चटकन उठून जाता यावं म्हणून.

फीत लागली. नट, टाळ्या. संगीतकार, टाळ्या. रंगभूषाकार, आणि टाळ्या. बारकी दचकली. बाईच्या फोटोलाही टाळ्या. कोणीतरी सगळीकडे सारखा आवाज चिकटवला होता, भिंतीला चुना द्यावा तसा. मग दादा आला, आणि त्याच्यावरही टाळ्यांचा पाऊस. आणि लगेच, दादाच्या हसऱ्या चेहऱ्याला लागून, पडदाभर बारकी. डोळे भरलेले. रुमालाने हळूच टिपते आहे.

"आत्या," मुलगा ओरडला, आणि त्याने ते मागे नेऊन पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

"पाठची बहीण ती पाठची बहीण," शेजारीण म्हणाली. "जगासमोर रडली, लाज नाही बाळगली."

सून नाक ओढत होती. आणि वहिनी, जी मुलाच्या लग्नातही कोणाच्या गळ्यात पडली नव्हती, ती उठून स्टुलापाशी आली. तिने बारकीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि दाबले. मग म्हणाली, "केलंस हो."

तेव्हा सांगायला हवं होतं. बारकीला ते कळत होतं. तोंड उघडलंही. बाहेर आलं ते एवढंच: "त्यात काय, वहिनी."

त्या दिवसापासून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी गप्प बसणारी असती तर निभावलं असतं. पण वहिनीला आयुष्यात पहिल्यांदाच मिरवायला काहीतरी सापडलं होतं. बँकेत रांगेत उभी असताना, दूधवाल्याकडे, शाळेत शिकवलेल्या जुन्या विद्यार्थिनी भेटायला आल्या की, "आमच्या ह्यांच्यासाठी सगळा हॉल वाजला, आणि पहिली टाळी नणंदेची." बारकी शेजारी असली तर तिच्याकडे हात करून दाखवायची, दुकानातला माल दाखवावा तसा. बारकी मान खाली घालायची. लोक म्हणायचे, किती साधी आहे. तेही तिच्या खात्यात जमा.

पुढच्या वर्षी मुकादमाचं बोलावणं आलं तेव्हा तिने सांगितलं, मनगट धरलंय, टाळी वाजवता येत नाही. ही गोष्ट फिरत फिरत वहिनीच्या कानावर गेली आणि बारकीच्या सुटकेचाच फास झाला. वहिनी स्वतःच्या तापाला दोन दिवस थांबते, दुसऱ्याच्या दुखण्याला दोन तास नाही.

"चल, हाडांच्या डॉक्टरकडे."

"अहो, बरं होईल आपोआप."

"आपोआप काही होत नाही. चप्पल घाल."

डॉक्टरने एक्स-रे काढायला लावला. त्यात काही निघेना. मग मेणाचा शेक, मग गरम पाण्यात हात, मग रबरी चेंडू दाबायचा. दुखत नसलेल्या मनगटाला इतके उपचार झाले की ते खरंच थोडं दुखू लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दर खेपेला वहिनी बरोबर, पाण्याची बाटली घेऊन, आणि वाट बघताना शेजारच्या रोग्याला तीच कथा. शेवटी एक तरुण व्यायामवाली मुलगी आली, चटपटीत. तिने बारकीची बोटं वाकवून बघितली, मनगट फिरवलं, आणि कागदावर लिहिता लिहिता सहज म्हणाली, "आजी, जरा टाळी वाजवून दाखवा. कुठे कळ येते ते सांगा."

बारकीने हात समोर आणले. तळवे पोकळ झाले, सवयीने. आणि ते मिळेनात.

"दुखतंय?"

"नाही."

"मग?"

बारकीचे डोळे भरले. तिथे दिवा बिवा काही नव्हता.

"अगं, यांच्या भावासाठी यांनीच—" वहिनीने त्या मुलीला सांगायला सुरुवात केली.

"नाही वाजवली, वहिनी," बारकी म्हणाली. "मी वाजवलीच नाही."

ती मुलगी दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली, मग "मी जरा बाहेर जाऊन येते" म्हणून निघून गेली. शहाणी पोर. बारकी त्या उंच बाकावर पाय लोंबकळत बसली होती आणि एकदा सुटली ती सुटलीच. टॉर्च, उचलून धरलेले हात, चपलेचा अंगठा, भर दुपारचे डोळे, बसथांबा. मध्ये वहिनीने तिला थांबवलं नाही. पाठ थोपटली नाही, रुमाल दिला नाही. ऐकून झाल्यावर तिने शिक्षिकेसारखे प्रश्न विचारले, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं.

"म्हणजे कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"एकानेही नाही?"

"मागे कोणीतरी खोकलं."

"आणि पुढच्या फोटोला?"

बारकीने भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघितलं. "त्याला वाजवली. मीही वाजवली."

वहिनी खुर्चीवर बसली. बराच वेळ पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत आणि काढत राहिली. बारकीला वाटलं, आता बोलेल, आता काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलेल आणि संपेल एकदाचं. पण वहिनीच्या मनात भलतंच चाललं होतं.

"तुझ्या मागे दिवे लख्ख होते," ती म्हणाली.

"काय?"

"टीव्हीवर. हॉल अंधारा होता, फोटो अंधारात चालले होते, आणि तुझ्या चेहऱ्यावर भर दुपारचा उजेड. मुलाने भरून ठेवलंय ते, मी कितीदा तरी बघितलं. जोड लपवणाऱ्याच्या घरात जन्म गेला माझा. समोर एवढा ढळढळीत जोड होता आणि मला दिसला नाही." झाकण लावलं. "ते असते तर हसले असते मला. आणि मी बँकेत सांगत फिरले."

"माझ्यामुळे," बारकी म्हणाली.

"तुझ्यामुळे आहेच. मी नाही कुठे म्हणते?"

दोघी बाहेर आल्या. पैसे भरायच्या खिडकीपाशी बसलेल्या बाईने नेहमीप्रमाणे हसून विचारलं, "काय म्हणतो टाळीचा हात?" वहिनी रोज या बाईशी बोलत असे. आज म्हणाली, "बरा आहे. उद्यापासून येणार नाही आम्ही." जिन्यात तिने कठडा धरला. बारकीने आधार द्यायला हात पुढे केला, मग तो मागे घेतला, कारण हा हात आता द्यावा की नाही हे तिला कळेना. वहिनीनेच तिचं कोपर धरलं. प्रेमाने वगैरे नाही. जिना अंधारा होता.

रस्त्यावर आल्यावर वहिनी थांबली.

"ते मूळ रेकॉर्डिंग कुठे असतं?"

"कुठलं?"

"हॉलमधलं. न कापलेलं. ज्यात आवाज चिकटवलेला नाही ते."

"कचेरीत असेल त्यांच्या. मुकादमाची ओळख आहे तिथे."

"मग मागून आण. तेवढा तुकडा देतील. एका मेलेल्या माणसाचं एवढंसं, कोणाला काय त्याचं."

"कशाला, वहिनी? नुसतं गप्प आहे ते."

"असू दे. चिकटवलेलं खूप बघून झालं. झालं ते बघायचंय मला."

"सोमवारी जाते," बारकी म्हणाली.

सोमवारी दुकानात नवा माल आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मुलीकडे जायचं निघालं. मग एकदा ती खरंच गेली, कचेरीच्या काचेच्या दारापर्यंत. रखवालदाराने विचारलं, "कोणाकडे?" आणि बारकीच्या तोंडून निघालं, "दातांचा डॉक्टर इथेच ना?" त्याने समोरची इमारत दाखवली. ती रस्ता ओलांडून खरोखर तिथे गेली, दोन मिनिटं पायरीवर उभी राहिली आणि घरी आली. त्या तुकड्यात आपण कुठे दिसत नसणार हे तिला ठाऊक होतं. कॅमेरा पडद्यावर, ती अंधारात. तरीही त्या शांततेत आपले दोन हात आहेत असं तिला वाटत राहिलं.

वहिनीने मध्ये विचारलं, "काय झालं त्याचं?" बारकी म्हणाली, "मुकादम गावाला गेलाय." पुढे एकदा पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "बघते." त्यानंतर वहिनीने विचारणं सोडलं. ते रेकॉर्डिंग तिथेच पडून असेल, नाहीतर पुसून त्यावर पुढचा सोहळा भरलाही असेल. बारकी गेली नाही. आणि वहिनीनेही, पाय धडधाकट असताना, मीच जाऊन आणते असं एकदाही म्हटलं नाही.